एक राहिलेला ठिपका

सर्किटच्या आकृति काढावयाला चौकटींची वही व शिसपेन्सिल पुरे, असें मी बरींच वर्षें अभिमानानें सांगत आलों. त्या अभिमानाला एक दुखरी बाजू होती. पूर्वीं मीं एका कंपनीचा प्रोग्रॅम विकत घेतला होता. संगणक बदलला, परवाना चालेना, आणि माझ्या पंधरा-वीस आकृति त्यांच्या फायलींत कोंडून पडल्या त्या पडल्याच. तेव्हांपासून मी वहीकडे वळलों.

गेल्या पावसाळ्यांत भाच्यानें ध्वनिवर्धक करावयाला घेतला. खोडाखोडीनें भरलेलें पान त्याला देण्याची लाज वाटली, म्हणून लिनक्सवर इंकस्केप उघडून मीं तीच आकृति सुबक काढून दिली. इंकस्केप हें चित्रकाराचें हत्यार. रेघा कशा ओळंब्यांत येतात, रेझिस्टरचीं वळणें कशीं एका मापाचीं पडतात! आकृति इतकी देखणी झाली कीं मीं ती दोनदां मोठी करून पाहिली. दोन रेघा एकमेकींना छेदतात तेथें तारा जोडावयाच्या असतील तर ठिपका द्यावयाचा, नुसत्या ओलांडून जात असतील तर द्यावयाचा नाहीं. आमच्या लिपींतला हा अनुस्वारच म्हणा ना! तो एके ठिकाणीं राहिला. बिचाऱ्यानें आठ दिवस डाख दिले, काढले, पुन्हां दिले, दोन ट्रान्झिस्टर बदलले, आणि शेवटीं भीत भीत विचारलें, "मामा, ह्या दोन तारा जोडायच्या होत्या का?"

मीं वही उघडली. तेथें ठिपका होता.

इंकस्केपचा यांत अपराध नाहीं. त्याच्या लेखीं ती रेघ म्हणजे रेघ. तिच्यांतून वीज जाणार आहे हें त्याला कोणीं सांगावें? मला हवें होतें तें तार आणि रेघ यांतला भेद जाणणारें कांहीं तरी. मग शोध सुरू झाला. लाटेकमधलें सर्किटिक्झ सुंदर, पण त्यांत आकृति काढावयाची नसून लिहावयाची असते, आणि जोडणीची पारख त्यालाहि नाहीं. एक्ससर्किटची फाइल म्हणजेच पोस्टस्क्रिप्ट, ती थेट छापावी. परंतु त्याच्या कळा माझ्या बोटांना वळल्या नाहींत. १९९८ सालीं आलेस ह्वेझ्दा यांनीं सुरू केलेल्या जीईडीएमधला जीस्केम मला मनापासून आवडला. हलका आणि मितभाषी! त्याची शाखा आज लेप्टन या नांवानें आहे.

अखेर कीकॅडवर थांबलों. झां-पिएर शारा यांनीं १९९२ सालीं ग्रनोब्ल येथें तें आरंभिलें, आणि २०१३ पासून जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेनें त्याला हातभार लावला. तें भारी आहे, आणि त्याचा पसारा पाहून प्रथम छाती दडपते. परंतु एका तारेचें टोंक दुसरीवर टेकवलें कीं ठिपका तेंच देतें. तार पिनेपासून केसभर दूर राहिली, तर डोळ्यांना जोडलेली दिसली तरी तपासणींत तें बोट ठेवतें. एखाद्या कारकुनासारखें तें उगाच अडतेंहि. वीज बाहेरून येत असली कीं "ही कोठून आली?" असा त्याचा हट्ट, आणि एक निशाण रोवल्यावांचून त्याचें समाधान होत नाहीं. उलट २२० च्या जागीं २२ लिहिलें तर हूं कीं चूं नाहीं.

माझा निर्णय झाला तो मात्र निराळ्याच गोष्टीनें. एका रात्रीं मीं त्याची फाइल साध्या मजकुराच्या खिडकींत उघडली. कंसांच्या गर्दींत माझे रेझिस्टर, त्यांचीं मूल्यें, तारांचीं टोंकें अक्षरांनीं लिहिलेलीं होतीं. उद्यां कीकॅड राहिलें नाहीं तरी तें कोणालाहि वाचतां येईल. कोंडलेल्या त्या पंधरा-वीस आकृतींची मला त्या रात्रीं फार आठवण झाली.

ध्वनिवर्धक पुन्हां काढला, भाच्याकडे फाइल पाठविली, आणि तो वाजला. गेल्या आठवड्यांत तीच फाइल त्यानें बदलून परत पाठविली आहे. माझा एक कपॅसिटर त्यानें काढून टाकला आहे. कां, तें मीं अद्याप विचारलेलें नाहीं.