रूपवर्णन किती असावे?

सरकारी सेवेत असताना सेवापुस्तिका आमच्या हाताखालून पुष्कळ गेल्या. तीत कर्मचाऱ्याची उंची आणि अंगावरील ओळखीची खूण नोंदविलेली असते. कुणाच्या गालावर तीळ, कुणाच्या कोपरावर व्रण. नोंद अचूक असते, पण ती वाचून माणूस डोळ्यांसमोर उभा राहत नाही. हल्लीच्या पुष्कळ कथांतील नायक-नायिकांची वर्णने वाचताना आम्हांला तीच नोंद आठवते. नाक, डोळे, वर्ण, केशसंभार, सारे काही क्रमवार असते. माणूस मात्र नसतो.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर दिसायला कसा होता, हे आम्हांला धड सांगता येणार नाही. त्याची बोलण्याची ढब मात्र अंधारातही ओळखता येईल. याउलट, आमच्या शेजारच्या कुडाळ भागातले चिं. त्र्यं. खानोलकर. त्यांच्या ‘रात्र काळी, घागर काळी’त (१९६२) लक्ष्मीचे सौंदर्य वगळले, तर कादंबरीच उरत नाही, कारण तिथे रूप हेच तिचे प्रारब्ध आहे. रूपामुळे कथेत काही घडत असेल, तर ते अवश्य सांगावे. एरवी एखादी लकब पुरे.

यात केवळ कलेचाच प्रश्न नाही. नायिका सद्गुणी म्हणून गोरीपान आणि खलपुरुष म्हणून काळाकुट्ट, ही सवय आपल्या लेखणीत मुरलेली आहे. मुलगी ‘दाखविण्याच्या’ बैठकीत सावळ्या मुलीच्या वाट्याला जे मौन येते, त्याला अशा वर्णनांनीही हातभार लावलेला आहे, असे आमचे मत आहे.

दुसरा धोका आपल्यासारख्या लहान गावांचा. लंगडा पाय, सोन्याचा दात आणि कारापूर-तिस्कावरचे दुकान एवढे लिहिले, की नाव बदलून काहीच साधत नाही. दुसऱ्या दिवशी सारा गाव त्या माणसाकडे बोट दाखवितो. लेखकाला वास्तव साधल्याचे समाधान मिळते. त्या गृहस्थाच्या घरी मात्र चूल पेटत नाही. माणसाचे मर्म घ्यावे, खूण ज्याची त्याच्यापाशी राहू द्यावी.

मग वर्णन किती करावे? आपल्या विठ्ठलापूरच्या देवळात याचे उत्तर आहे. संतांनी विठ्ठलाचे रूप परोपरीने गायिले, अलंकारही वर्णिले. पण सामान्य भाविकाच्या मनात ठसले ते दोनच तपशील: पायांखालची वीट आणि कटीवरचे हात. उरलेला विठ्ठल ज्याने त्याने आपल्या भावाप्रमाणे पुरा केला. लेखकानेही वाचकासाठी एवढी जागा राखून ठेवावी.