खाँसाहेबांची घाई

'कट्यार काळजात घुसली'च्या तालमीला ऑर्गनवर बसलो की माझा कान खाँसाहेबांच्या तानेपेक्षा त्यांच्या श्वासाकडे असतो. संगीतकार अभिषेकीबुवांनी या नाटकात एकच पद दोन चालींत बांधलं आहे. पंडित भानुशंकरांसाठी सलगवराळीत, संथ. खाँसाहेब आफताब हुसेनांसाठी धानीत, द्रुत. शब्द तेच. सलगवराळी वाजवताना पायाखालचा भाता निवांत चालतो, सुरावर टेकायला जागा मिळते. धानी सुरू झाली की पायांना उसंत नाही.

बरीच वर्षं मी या धानीला नुसती तयारीची चाल समजत होतो. वसंतराव देशपांड्यांनी १९६७ साली ही भूमिका उभी केली आणि तेव्हापासून प्रत्येक नवा खाँसाहेब त्यांच्या तानांमागे धावतो. आमचा तरुण गायकही धावत होता. ताना स्वच्छ, चेहऱ्यावर मग्रुरी. मी त्याला विचारलं, "अरे, हा माणूस जिंकायला गातोय, की पुन्हा हरू नये म्हणून?" तो काही बोलला नाही. पुढच्या वेळी समेवर आला, पण तिथे विसावला नाही. सम पडते न पडते तोच पुढची तान उचलली. माझ्या अंगावर काटा आला. खाँसाहेब सापडले होते.

भानुशंकरांना हरवून राजगायकाची गादी मिळाल्यावर पुन्हा हरण्याची ही धास्ती सरायला हवी. ती वाढते. आता गमावण्यासारखं काहीतरी हाती आलेलं असतं. दरबारानं एक खून माफ असलेली कट्यारही दिलेली असते. एवढा मोठा गळा असलेला माणूस घराण्याच्या गायकीला कडीकुलूप घालून बसतो, याचं मला प्रत्येक प्रयोगात वाईट वाटतं. त्यांना खलनायक करून टाकणारे नट मला म्हणूनच पटत नाहीत.

आणि भानुशंकरांचा शिष्य सदाशिव? त्याला भोळा, पडेल चेहऱ्याचा करतात. ज्यानं आपल्या गुरूला हरवलं त्याच्याच दारात विद्या मागायला उभं राहायचं, चोरून का होईना ऐकत राहायचं, याला भोळेपणा कसं म्हणावं? ही आशा चिवट आहे. तिला घाई नाही, म्हणून सदाशिवच्या गाण्यात मधे मधे मोकळी जागा हवी. ती मी सवयीनं सुरांनी भरून टाकायचो, सदाशिव करणाऱ्या पोराला आधार म्हणून.

काल मी दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलले. तो थांबला, माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि सावकाश षड्ज लावला.