नळ किंचित उघडा

सोलापूर-लातूरकडे वाढलेल्या माणसाचा हात नळ घट्ट पिळूनच बाजूला होतो. चार-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात टपटपणारा नळ कुणाला झोपू देत नाही. तोच हात घेऊन आम्ही ह्यूस्टनला आलो. इथे घाम मुबलक. थंडी जेमतेम स्वेटरपुरती.

१६ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे मात्र इथला पारा उणे साडेदहा सेल्सिअसपर्यंत उतरला. टेक्सासभर ४५ लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेलेली. हीटर थांबले, घरं निवत गेली. इथल्या कितीतरी घरांत पाइप माळ्यावरून फिरवलेले असतात, छप्पर आणि छत यांच्या मधल्या उघड्या पोकळीतून. पाणी तापवायची टाकीही तिथेच. मिनेसोटात पाइप जमिनीत खोल पुरतात, बाहेरच्या भिंतींपासून लांब ठेवतात. इथली घरं बांधली गेली ती उन्हाकडे बघून.

बर्फ फुगतो आणि पाइप फोडतो, असंच मलाही वाटे. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के वाढतं, हे खरंच. पण इलिनॉय विद्यापीठातल्या जेफ्री गॉर्डन यांच्या १९९६ च्या अहवालात प्रयोगांती दाखवलेली गोष्ट वेगळी आहे. पाइपात बर्फाचा दट्ट्या तयार होतो, वाढत जातो. तो आणि बंद नळ यांच्यामध्ये उरलेलं पाणी कोंडतं. त्याला मागे जाता येत नाही, पुढेही नाही. दाब चढत राहतो आणि नळी चिरते, पुष्कळदा बर्फ नसलेल्याच जागी. ज्या पाण्याने पाइप फुटतो, ते अजून पाणीच असतं. हे वाचलं त्या दिवशी मी भिंतीला हात लावून बराच वेळ उभी होते.

म्हणून कडाक्याच्या रात्री बाहेरच्या भिंतीलगतचा नळ किंचित उघडा ठेवायचा. थोडीशी धार, पण दाबाला तेवढी वाट पुरते. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी टाकायची, म्हणजे खोलीची ऊब आत शिरते. अंगणातल्या नळाची रबरी नळी काढून त्याला टोपडं घालायचं. सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. ती धार त्यांना बघवेना. त्यांनी खाली पातेलं लावलं, पातेल्यातून बादली, बादलीतून पिंप.

१७ तारखेला शहरातल्या पाण्याचा दाबच कोसळला. पाणी उकळून प्या, अशी सूचना निघाली आणि नळ वाहते ठेवू नका, अशी विनंतीही महापौरांनी केली. ती विनंती मला रास्त वाटली. हजारो घरांनी आपापले पाइप वाचवायला धार सोडली, तर रुग्णालयांच्या वरच्या मजल्यांवर काय चढणार? अशा वेळी दुसरा उपाय अधिक शहाणपणाचा: पाणी तापवायची टाकी बंद करायची, मेन व्हॉल्व्ह बंद करायचा, सगळे नळ उघडून पाइप रिते करायचे. रित्या पाइपात गोठायला काही उरत नाही. सासूबाईंच्या पिंपाने आमचे पुढचे दिवस निभावले.

गोठलेला पाइप सोडवायचा तोही सावकाश. आधी नळ उघडा, मग नळाच्या टोकाकडून मागे सरकत हेअर ड्रायर किंवा गरम पाण्यात पिळलेले टॉवेल. ज्वाला जवळ न्यायची नाही, कितीही घाई असो. आणि चीर कळते ती बर्फ वितळल्यावरच, छतातून पाणी ओघळू लागतं तेव्हा. त्या क्षणी मेन व्हॉल्व्ह शोधत बसायला वेळ नसतो. कुणाचा भिंतीवर असतो, कुणाचा रस्त्याकडेच्या मीटरच्या झाकणाखाली, आणि तिथला पुष्कळदा पान्याशिवाय फिरत नाही. पुण्या-नागपूरहून नवी मुलं भाड्याच्या घरात राहायला आली की मी कुकर, डाळ-तांदळाच्या दुकानाआधी त्यांना व्हॉल्व्ह विचारते. घरमालकाला फोन लावा, म्हणते, आणि माझ्यासमोर एकदा तो फिरवून दाखवा.