स्विंडनचे जादूचे रिंगण

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून पश्चिमेकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले असता सुमारे ७७ मैलांवर स्विंडन हे शहर लागते. ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीचा एंजिनांचा कारखाना येथे १८४३ साली सुरू झाला व १९८६ साली बंद पडला. मधल्या काळात शहर वाढले ते त्याच्याच आधाराने. मोठा किल्ला नाही, राजवाडा नाही, तीर्थक्षेत्राचे माहात्म्य नाही. तथापि दूरदूरचे प्रवासी येथे वाट वाकडी करून येतात, आणि तेही केवळ एक चौक पाहण्यासाठी!

चौकात पाहण्यासारखे ते काय असावे, असे वाचकांस वाटणे साहजिक आहे. त्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. दोन हमरस्ते एकमेकांस छेदतात तेथे वाहनांच्या मार्गांत टक्कर संभवेल अशा ३२ जागा असतात, असा स्थापत्यशास्त्राचा हिशेब आहे. तेथेच मध्ये एक वर्तुळ काढून सर्वांनी त्याभोवती एकाच दिशेने फिरावयाचे ठरविले, म्हणजे त्या जागा ८ उरतात. शिवाय वळण आले की वेग आपोआप उतरतो, आणि टक्कर झालीच तरी ती समोरासमोरची न होता तिरकस होते. कित्येक घरांतील कर्ती माणसे सायंकाळी सुखरूप घरी परततात, ती या साध्या भूमितीमुळे.

परंतु नुसत्या वर्तुळाने भागत नाही. आधी कोणी जावे, हेही ठरावे लागते. पॅरिसच्या विजयकमानीभोवती बारा रस्ते एकत्र येतात. तेथे १९०७ साली चक्राकार वाहतूक सुरू झाली. पण आत फिरणाऱ्याने थांबावे व नवागताने शिरावे, असा तेथील रिवाज आजही आहे. त्यामुळे गर्दी वाढली की चक्र जागच्या जागी अडते. इंग्लंडात १९६६ साली याच्या उलट नियम झाला : आत असेल त्याला आधी वाट द्यावी. आपल्याकडेही जेवत्या पंगतीला उठवून कोणी स्वतःचे पान मांडीत नाही. तसाच हा न्याय.

या नियमाच्या बळावर रस्ते-संशोधन प्रयोगशाळेतील अभियंते फ्रँक ब्लॅकमोर यांनी लहान गोलांची कल्पना पुढे नेली, आणि तिचा परमोत्कर्ष १९७२ साली स्विंडन येथे झाला. पाच रस्ते मिळतात तेथे प्रत्येक रस्त्याच्या मुखाशी एकेक लहान गोल, आणि या पाचांच्या मध्यभागी एक मोठे वर्तुळ. इंग्लंडात वाहने आपल्याप्रमाणेच डावीकडून चालतात. म्हणून तेथील सामान्य चौकात मधले वर्तुळ उजव्या हातास राहते, म्हणजे शुद्ध प्रदक्षिणाच घडते. स्विंडनला बाहेरच्या कडेने प्रदक्षिणा चालते, तर आतल्या रिंगणात नेमकी तिच्या उलट! उजवीकडचा रस्ता गाठावयाचा असेल त्याने मोठा वळसा न घेता या आतल्या उलट वाटेने जावे. शिवालयात सोमसूत्र न ओलांडता दोन्ही अंगांनी फिरणाऱ्या भाविकांस यात नवल वाटू नये.

प्रारंभी लोक गोंधळतील या भीतीने प्रत्येक लहान गोलापाशी एकेक पोलीस उभा केला होता. लोक हळूहळू शिकले. मुलांच्या एका दूरचित्रवाणी मालिकेवरून त्यांनी चौकास ‘जादूचे रिंगण’ म्हणावयास सुरुवात केली. पुढे तेच अधिकृत नाव झाले.

गुण सांगितले, तसा दोषही सांगितला पाहिजे. असली रिंगणे मोटारींना जितकी मानवतात, तितकी सायकलस्वारांना व पायी चालणाऱ्या वृद्धांना मानवत नाहीत. कोठेही न थांबणारा वाहनांचा ओघ आंधळ्या माणसाने ओलांडावा कसा? तेव्हा आपल्या शहरात असे चौक आखताना मोटारीपूर्वी पादचाऱ्यांचा विचार व्हावा, हेच इष्ट.

स्विंडनच्या त्या रिंगणातून वाहन नेण्याची युक्ती मात्र अगदी सोपी आहे. सर्व चौक एकदम समजून घेण्याच्या खटपटीस लागू नये. पुढचा एक लहान गोल तेवढा पाहावा, उजवीकडून येणाऱ्यास वाट द्यावी, आणि मग पुढच्या गोलाचा विचार करावा.