नभ आणि नेबो

चि. मृणाल,


चेक भाषेतलं 'नेबे', म्हणजे आकाश, आपल्या संस्कृतातूनच तिकडे गेलं असणार, असं तू लिहिलंस. नातं खरं आहे, पण ते उसनवारीचं नाही, सख्ख्या भावंडांचं आहे. आणि त्याचा पुरावा विभक्तीच्या रूपांत मिळतो. सगळ्या स्लाव्ह भाषांची जननी असलेल्या आदिस्लाव्हचा एकही लेख नाही, म्हणून तिचे शब्द तुलनेने बांधून तारांकित छापतात: *नेबो. ख्रिस्ती धर्मप्रचारक सिरिल आणि मेथोडियस 863 मध्ये मोराव्हियात गेले. त्यांच्या परंपरेतल्या प्राचीन चर्च स्लाव्होनिकमध्ये मात्र प्रथमा 'नेबो' आणि षष्ठी 'नेबेसे' ही रूपं प्रत्यक्ष लिहिलेली आहेत. प्रथमेत नसलेला 'स' षष्ठीत कुठून उगवला? संस्कृतात बघ: नभस्, नभसः. 'स' मूळचाच. आदिस्लाव्हमध्ये शब्दाच्या शेवटची व्यंजनं गळाली, त्यात प्रथमेतला 'स' गेला. षष्ठीत त्याच्यापुढे स्वर होता, म्हणून तो वाचला. ग्रीकमध्ये नेमकं उलट घडलं. 'नेफोस' (ढग) मध्ये शेवटचा 'स' शाबूत, पण दोन स्वरांमधला गळून षष्ठी झाली 'नेफेओस'.

मग हे सगळं संस्कृतातून घेतलेलं का नसावं? स्वरांमुळे. संस्कृतात मूळचे ऱ्हस्व ए आणि ओ दोन्ही 'अ' मध्ये विरघळले. स्लाव्हमध्ये मात्र प्रथमेत ओ आणि षष्ठीत ए आहे, अगदी ग्रीकसारखा. एकदा पुसलेला भेद उसना घेणाऱ्याला परत कसा सापडेल, तोही बरोबर ग्रीकच्याच जागी? मला हा पुरावा निर्णायक वाटतो. एक आक्षेप खरोखर वजनदार आहे: हाच '-ओस' शेवट लांडग्याच्या शब्दात (आपला 'वृक') अतिऱ्हस्व उ झाला, मग इथे ओ कसा राहिला? काही अभ्यासक म्हणतात, 'ते' या अर्थाच्या 'तो' या नपुंसक सर्वनामाच्या ओढीने. यावर वाद आहे, पण त्याने षष्ठीतल्या 'एस'ला धक्का लागत नाही. आजच्या रशियनमध्ये षष्ठी 'नेबा' आहे, 'नेबेसे' नाही, हा दुसरा आक्षेप मात्र लटका. कमी वापराचा नमुना बहुसंख्य शब्दांच्या वळणावर जातो. मराठीतही आपण 'नभात' म्हणतो, 'नभसात' कुणी म्हणत नाही. शिवाय रशियन असो की तुझी चेक, अनेकवचन अजून 'नेबेसा' असंच होतं. 'शब्द' या अर्थाच्या 'स्लोवो'चंही तेच: प्राचीन षष्ठी 'स्लोवेसे', संस्कृतात त्याचं भावंड 'श्रवस्', आणि रशियनमध्ये वाङ्मयाला आजही 'स्लोवेस्नोस्त' म्हणतात.

तुझी,
आत्या