दाभोसा टू बोस्टन

माझी मावसबहीण सध्या स्वतःचीच फाइल बनवतेय. ताई बोस्टनला असते, पोषणावर रिसर्च करते, आणि आता तिला हवंय ग्रीनकार्ड. नवऱ्याच्या नाही, कंपनीच्याही नाही, चक्क स्वतःच्या पेपर्सच्या जोरावर! या प्रकाराला म्हणतात 'नॅशनल इंटरेस्ट वेव्हर'. हातात नोकरीची ऑफर नसली तरी चालते. पण आपलं काम अमेरिकेसाठी महत्त्वाचं आहे आणि ते आपणच पुढे नेऊ शकतो, हे पटवून द्यावं लागतं. २०१६च्या 'धनसार' निकालापासून हीच मुख्य कसोटी.

पुरावा काय? छापलेले पेपर. नुसते छापून भागत नाही हं! कोणी, कुठल्या देशातून, कशासाठी साइट केलं, तेही जोडायचं. वर शिफारसपत्रं. गंमत म्हणजे, ज्याने तुम्हाला कधी पाहिलंही नाही, फक्त पेपर वाचलाय, अशा प्रोफेसरच्या पत्राला जास्त वजन. गाइड म्हणजे काय, घरचंच माणूस!

तर ताईचा पहिला पेपर आहे दाभोसाचा. हो, जव्हारचा तोच धबधबा, जिथे आपण पावसाळ्यात फोटो काढून, भजी खाऊन परत येतो. २०१९च्या पावसाळ्यात ती तिथे पाड्यापाड्यांवर मुलांच्या दंडाचा घेर मोजत होती. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण. जव्हार-मोखाड्याला हे नवं नाही, १९९२-९३ मधले वावर-वांगणीचे बालमृत्यू आठवत असतील. मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला असलेली मी तिच्यासोबत वही धरून फिरले. दिवाळीनंतर पुन्हा मोजायला गेलो तर निम्म्या घरांना कुलूप. आईबाप वीटभट्टीवर, पोरं त्यांच्यासोबत. पेपरमध्ये याची एकच ओळ झाली : पाठपुरावा शक्य झाला नाही.

आता वकील म्हणतो, या पेपरला साइट करणारे मोजून सात. आणि अमेरिकेला त्याचं काय? एक तर मागे टाका, नाहीतर लिहा की ही पद्धत अमेरिकन मुलांनाही उपयोगी आहे. तिथले आहारतज्ज्ञही दंडाचा घेर मोजतात, त्यामुळे मुद्दा चुकीचा नाही. पण ताई फोनवर म्हणाली, "अगं, खोटं नाहीये. पण मी ते अमेरिकेसाठी केलं होतं का?"

बरं, अर्ज मंजूर झाला तरी भारतात जन्मलेल्यांची रांग वर्षानुवर्षांची. दर देशाला सात टक्क्यांची मर्यादा!

तरी मी जुलैत दाभोसाला जाऊन आले. अंगणवाडीच्या बाईंनी वहीचं पान फाडून पत्र दिलं. त्यात लिहिलंय, त्या वेळची रेषेखालची एक पोरगी 'आता हुशारलीय', शाळेत जाते. वकील म्हणाला, जोडा, पण फार मोजणार नाहीत. मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर लागतं, आणि ते पूर्ण व अचूक असल्याची सही भाषांतर करणाऱ्याची. म्हणजे माझी. 'हुशारलीय'वर मी दोन संध्याकाळी घालवल्या. डिक्शनरी म्हणते 'क्लेव्हर'. बाईंना म्हणायचं होतं, अंगात जीव आला.