खोक्यासकट

परदेशातून येणाऱ्या लॅपटॉपचं खोकं बहुधा परदेशातच राहतं. हॉटेलच्या खोलीत, कचऱ्याच्या डब्याला टेकून, आतल्या पुठ्ठ्याच्या खाचांसकट. ज्याच्यासाठी ते यंत्र घेतलं, त्याच्या हाती ते येतं दोन सदऱ्यांच्या मध्ये गुंडाळलेलं, पडद्यावरची पातळ फिल्म आधीच सोललेली. नवी वस्तू जुनी दिसावी म्हणून घरून फोनवर सल्ले येतात: खोकं टाकून दे, थोडा वापरून घे, वर एखादं स्टिकर चिकटव, बिल दुसऱ्या बॅगेत ठेव. नाहीतर कस्टमवाले धरतील.

मला याचं फार वाईट वाटतं. या लपवाछपवीची गरजच नाही. 18 वर्षं पूर्ण झालेल्या प्रवाशाला स्वतःबरोबर एक लॅपटॉप शुल्क न भरता आणता येतो, ही सूट 2004 सालच्या अधिसूचनेपासून आहे. तिला किमतीची मर्यादा नाही. 2016 च्या बॅगेज नियमांनी बाकीच्या सामानावर 50,000 रुपयांची जी सवलत दिली, तिच्यातही तो मोजायचा नव्हता. चोरून आणण्याजोगं इथे काही नाहीच.

मग ही धास्ती कुठली? ती आमच्या आईवडिलांच्या वेळची. आखातातून चिपळूण-खेडकडे परतणारा माणूस टू-इन-वन आणायचा, पुढे व्हीसीआर आणायचा, आणि विमानतळाच्या दारात त्याचा जीव घशाशी आलेला असायचा. परवाने आणि जबर शुल्क यांचा तो काळ. फॉरेनचा माल म्हटलं की मुंबईत मनीष मार्केट आणि मुसाफिरखाना आठवायचा, आणि सोनं बाळगण्यावरही 1968 चा कायदा नजर ठेवून होता. तो कायदा 1990 साली गेला, पुढच्याच वर्षापासून बाजार खुला होत गेला. कायदा रद्द करायला एक सही पुरते. घरातली भीती मात्र पोरांच्या वाट्याला तशीच येते.

2023 च्या ऑगस्टमध्ये तिला पुन्हा पालवी फुटली. 3 तारखेला सरकारनं लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट जाहीर केली, आणि ताईचा रत्नागिरीहून फोन आला, ‘आता तर आणूच नको बाबा.’ भाचीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश नुकताच झाला होता. प्रवाशाच्या सामानाला ती अट लागू नाही, हे त्याच अधिसूचनेत लिहिलं होतं. पण बातमी जेवढ्या पायांनी धावते, तेवढ्या पायांनी तिच्यातली सूट धावत नाही.

दिवाळीआधी मी दुबईला गेलो. बर दुबईच्या खालिद बिन अल वलीद रस्त्याला लोक कॉम्प्युटर स्ट्रीटच म्हणतात. तिथे दुकानदारानं खोकं उघडून कीबोर्ड दाखवला आणि मी बघतच राहिलो. प्रत्येक कळीवर दोन लिप्या. एचच्या कळीवर अलिफ, एफच्या कळीवर बे. एक डावीकडून निघालेली, दुसरी उजवीकडून, आणि दोघी एकाच चौकोनात नांदणाऱ्या. याच कळांवर आमची पोर मराठी टाइप करणार, म्हणजे तिसरीही येणार. दुकानदार म्हणाला, फक्त इंग्रजी अक्षरांचाही आहे. मी म्हटलं, हाच द्या.

पाहुण्याला तिथला 5 टक्के व्हॅट परत मिळतो, काही शुल्क कापून; पण त्यासाठी वस्तू आणि बिल दोन्ही हाताशी लागतात, तिथल्या विमानतळावर विचारलं तर दाखवायची असतात. तिथे अभिमानानं दाखवायचं आणि चार तासांनी मुंबईत उतरून तेच दडवायचं, हे मला जमणारं नव्हतं. लिथियम बॅटरीचं यंत्र जवळच ठेवावं हे खरं, म्हणून खोकं काखेत घेऊनच बसलो. मुंबईच्या सहार विमानतळावर एक्स-रेच्या पट्ट्यापलीकडच्या अधिकाऱ्यानं विचारलं, ‘काय आहे?’ ‘लॅपटॉप. एकच. भाचीसाठी, बिल आहे.’ त्यानं मान हलवली. मी ग्रीन चॅनलमधून ताठ बाहेर आलो.

रत्नागिरीत खोकं भाचीनंच उघडलं. चार्जरची चौकोनी तीन पिनांची ब्रिटिश धाटणीची वायर आमच्या सॉकेटात शिरेना, तेव्हा भावोजी चप्पल घालून बाजारात अडॅप्टर आणायला पळाले. तोवर ती फिल्म सोलायलाच तयार नव्हती. बोटं पुसून यायची, पुन्हा बसायची. तो तास तिचा होता. कपड्यांत गुंडाळून आणला असता तर तो आम्ही तिच्याकडून काढून घेतला असता.

एक गोष्ट मात्र डाचते. धाकट्या भाचीसाठीही घ्यावासा वाटला होता. पण एका प्रवाशामागे सूट एकाच लॅपटॉपला. दुसरा 50,000 च्या सवलतीत मोजला जाई, आणि त्यावरच्या रकमेवर तेव्हा 38.5 टक्के शुल्क होतं. व्यापाऱ्यानं हजार लॅपटॉप आणले तरी मूळ सीमाशुल्क शून्य, त्याला फक्त 18 टक्के जीएसटी. आणि दोन भाच्यांच्या मामाला त्याच्या दुपटीहून जास्त दर. हे मला पटत नाही, आणि कुठल्याही कलमानं पटवता येईल असं वाटत नाही.

धाकटी अकरावीत आहे. तिच्या वेळी मी पुन्हा जाणार आहे.